वर्धा-खोऱ्यांतील कोळसा : एका प्रमाणग्रंथाची मर्यादा

चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर प्रांताच्या इतिहासावर लिहिणारे आपले लेखक कोळशाच्या प्रकरणापाशीं आले कीं त्यांची लेखणी एकाएकीं परावलंबी होते. गोंड राजांविषयीं लिहितांना ते शिलालेख पाहतात, सनदा ताडून घेतात. कोळशाविषयीं मात्र थिओडोर ह्यूज यांनीं भारतीय भूगर्भ-सर्वेक्षण खात्याच्या तेराव्या 'मेमॉयर'मध्यें १८७७ सालीं जें लिहिलें तें, आणि १९०९ च्या जिल्हा-गॅझेटिअरांतील उतारा, एवढ्यावर भागवितात.

ह्यूज यांचा 'वर्धा व्हॅली कोल-फील्ड' हा ग्रंथ सामान्य नव्हे. कोळशाचा थर किती खोल, किती जाड, कोणत्या दिशेस उतरता, या बाबतींत त्याचें प्रामाण्य मान्य केलेंच पाहिजे. माझा आक्षेप ग्रंथावर नसून त्याच्या उपयोगावर आहे. वरोऱ्याची खाण तेव्हां नुकतीच चालूं झाली होती. बाकीच्या बहुतेक पुढील काळांतल्या. खाणींनीं त्या भूमीचें व तिच्या पाण्याचें काय केलें याचा पुरावा ह्यूज यांच्यांतून काढूं जाणें म्हणजे वास्तुशांतीच्या निमंत्रणावरून घराच्या पडझडीचा इतिहास लिहिण्यासारखें आहे.

भूमिगत खाणींत प्रथम सर्वच कोळसा काढीत नाहींत. छप्पर तोलण्याकरितां त्याचेच चौकोनी खांब राखून मधून वाटा पाडतात. पुढें तेहि खांब काढले कीं वरचा खडक बसतो, त्याला भेगा जातात, आणि खाण उथळ असल्यास शेतांत खळगा पडतो. या खोऱ्यांत कोळशाच्या वर जो वाळूचा दगड आहे तो पाणी धरणारा. भेगा पडल्या म्हणजे तें पाणी खालीं उतरतें, पंप तें उपसून नाल्यांत टाकतात, आणि गांवची विहीर आटते. वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या दकार्गल अध्यायांत, मनुष्याच्या शरीरांतील शिरांप्रमाणें भूमींतहि उंच-सखल जलशिरा असतात, असें म्हटलें आहे. वाळूच्या दगडांतील पाण्यास ही उपमा तंतोतंत लागू नाहीं, कारण तें सर्वत्र मुरलेलें असतें. परंतु खाणीच्या वाटा खोदल्यावर मात्र भूमीस खरोखरीच शिरा उत्पन्न होतात, आणि खाण सोडून पंप थांबले म्हणजे त्या शिरांत पाणी भरून राहतें. वरून पाहणारास शेत दिसतें. खालीं तळें असतें.

या तळ्याचा मुख्य लेख म्हणजे खाणीचा नकाशा. तो ट्रेसिंगच्या कापडावर असो कीं निळ्या कागदावर असो, पोथीचे सर्व दोष त्याच्या ठायीं संभवतात. कापड आटतें, म्हणून प्रमाण चुकतें. चुंबकीय उत्तर दिशा कालानुसार सरकते, म्हणून होकायंत्रावरून काढलेला जुना नकाशा आजच्या नकाशावर तसाच ठेवल्यास वाटा भलत्याच शेताखालीं येतात. नकलाकाराच्या हातून एखादी आडवाट गळते. पोथीची पुष्पिका आपण वाचतों, तशी येथें शेवटच्या मोजणीची तारीख वाचावी. ती खाण बंद होण्यापूर्वीची असल्यास अखेरचीं पानें गेलीं असें समजावें. पोथीचें शेवटचें पान गेलें तर बहुधा फलश्रुति जाते, आणि वाचकाचें फारसें अडत नाहीं. येथें अगदीं शेवटीं काढलेले खांब नेमके त्याच पानावर असतात.

हा केवळ पंडिती काथ्याकूट नव्हे. २७ डिसेंबर १९७५ रोजीं धनबाद जिल्ह्यांतील चासनाला येथें जुन्या कामांत सांचलेलें पाणी चालू खाणींत फुटून ३७५ माणसें मेलीं; त्याच्या आदल्या महिन्यांत नागपूरजवळच्या सिलेवाड्यास पाण्यानेंच दहा जण गेले. तेथील दोष नकाशाचाच होता असें मी म्हणत नाहीं. परंतु १९५७ च्या कोळसा-खाण नियमांप्रमाणें जलमय जुन्या कामांच्या ६० मीटरांच्या आंत परवानगीवांचून खोदणें मना होतें. हे साठ मीटर कोठून मोजावयाचे? नकाशावरील रेघेपासून. पाठच भ्रष्ट असेल तर नियमानें काय करावें?

अशा भ्रष्ट पाठाचें स्पष्ट उदाहरण अमेरिकेंतील आहे. पेन्सिल्व्हेनियांतील क्वीक्रीक खाणींत २४ जुलै २००२ रोजीं शेजारच्या सोडून दिलेल्या खाणीचें पाणी घुसलें व नऊ कामगार अडकले. वरून छिद्र पाडून २८ जुलैस ते सर्व जिवंत काढले, हें त्यांचें सुदैव. चालकांपाशीं जुन्या खाणीचा नकाशा होता, पण तिचीं अखेरचीं कामें त्यांत नव्हतीं. अधिक पुढची प्रत एका माजी खाण-निरीक्षकाच्या कागदांत होती, आणि ते कागद विंडबर येथील कोळसा-संग्रहालयांत आलेले होते. आमच्या संग्राहक मित्रांनीं हें वाक्य कृपा करून पुन्हां एकदां वाचावें.

आपल्याकडे २६ ऑगस्ट २०२२ रोजीं घुग्घुस येथें आमराई भागांतील एक घर, जुन्या भूमिगत खाणीवरील जमीन खचून, पाहतां पाहतां गडप झालें व शेजारचीं घरें रिकामीं करावीं लागलीं. ह्यूज यांच्या ग्रंथांत घुग्घुस आहे. त्या घराखालची पोकळी नाहीं, आणि असणें शक्यहि नव्हतें.

वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ सालीं बंद झाली. तिच्या नकाशांच्या सरकारी प्रतींखेरीज कांहीं नकला मोजणीदार, कारकून व ठेकेदार यांच्या घरीं गेल्या असण्याचा संभव आहे. विहिरींचा पुरावा याहून अनपेक्षित जागीं सांपडेल. घरगुती जमाखर्चाच्या वह्यांत दोर-पोहऱ्याचा खर्च मांडलेला असतो. कोणत्या सालीं दोर किती हात लांब घ्यावा लागला हें त्यावरून कळल्यास पाणी कधीं व किती खालीं गेलें याचें तें समकालीन साधन होईल. वरोरा, घुग्घुस व बल्लारपूर या भागांतील अशीं बाडें ज्यांच्यापाशीं असतील त्यांनीं तीं रद्दींत घालण्यापूर्वीं निदान गांव, साल व दोराची लांबी उतरून घ्यावी, आणि नकाशा असल्यास त्याची घडी न करितां गुंडाळी करून ठेवावी.