नांगर आणि तीन पट्ट्या : जम्मू-काश्मीरच्या राज्यध्वजाची चिकित्सा

कोणत्याही ध्वजाचा अभ्यास करताना दोन प्रश्न विचारावेत. त्यावर काय आहे? आणि ते तेथे कोठून आले? जम्मू-काश्मीरच्या पूर्वीच्या राज्यध्वजाबाबत दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

रचना आणि उगम

राज्याच्या संविधान सभेने हा ध्वज 7 जून 1952 रोजी स्वीकारला. पुढे राज्याच्या संविधानातील कलम 144 मध्ये त्याचे वर्णन आले. त्यानुसार ध्वज लाल रंगाचा व आयताकृती असून लांबी-रुंदीचे प्रमाण 3:2 होते. काठीलगत समान रुंदीच्या तीन उभ्या पांढऱ्या पट्ट्या होत्या. मध्यभागी पांढरा नांगर होता व त्याची मूठ पट्ट्यांकडे होती. तीन पट्ट्या म्हणजे जम्मू, काश्मीर खोरे आणि लडाख.

लाल रंग आणि नांगर नॅशनल कॉन्फरन्सच्या ध्वजावरून आले. राज्यध्वजात नव्याने भर पडली ती केवळ पट्ट्यांची.

नांगराचा अर्थ

हा नांगर केवळ शोभेचा नव्हता. 1944 च्या ‘नया काश्मीर’ कार्यक्रमात या पक्षाने कसणाऱ्याला जमीन देण्याचे वचन दिले होते. 1950 च्या कायद्याने जमीनधारणेवर 182 कनाल, म्हणजे सुमारे पावणेतेवीस एकरांची मर्यादा घातली आणि जादा जमीन मोबदला न देता कुळांकडे गेली. फळबागा मात्र या मर्यादेतून वगळल्या होत्या. तरीही ध्वजावरील चिन्हामागे प्रत्यक्ष कायदा उभा असल्याची अशी उदाहरणे थोडी आहेत.

मर्यादा

पहिली मर्यादा चिन्हाच्या मालकीची आहे. येथे राष्ट्रध्वजाशी तुलना उपयोगी पडते. काँग्रेसच्या तिरंग्यावर चरखा होता. 22 जुलै 1947 रोजी राष्ट्रध्वज स्वीकारताना त्याच्या जागी अशोकचक्र आले. ध्वज दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा, हे कारण नेहरूंनी सांगितले. कारण व्यावहारिक होते, पण परिणाम त्याहून मोठा झाला. पक्षाचे चिन्ह मागे राहिले आणि कोणत्याही एका पक्षाचे नसलेले चिन्ह पुढे आले. श्रीनगरमध्ये हे पाऊल उचलले गेले नाही. नांगर राज्यध्वजावर राहिला आणि नॅशनल कॉन्फरन्सचे निवडणूक चिन्हही झाला. त्यामुळे राज्यध्वजाला वंदन करताना विरोधकाला प्रतिस्पर्धी पक्षाचे चिन्हच समोर दिसे. जम्मूतील प्रजा परिषदेच्या आंदोलनाने ‘एक निशाण’ ही मागणी केली, तिची पार्श्वभूमी समजून घेताना हा मुद्दा विसरू नये. अर्थात, त्या विरोधामागे जमिनी गमावलेल्यांची नाराजी आणि भारतात संपूर्ण विलीनीकरणाची मागणी हीदेखील कारणे होती.

दुसरी मर्यादा प्रतिनिधित्वाची. नांगर शेतकऱ्याचा आहे. गुज्जर-बकरवाल पशुपालक, लडाखचे चांगपा मेंढपाळ किंवा शाल विणणारे कारागीर यांचे त्यात काहीच नाही. पट्ट्या समान आहेत, म्हणून समतेचे वचन देतात. परंतु कोणती पट्टी कोणाची, हे ओळखता येत नाही. तिन्ही प्रदेशांना जागा मिळाली, ओळख मिळाली नाही.

शेवट आणि मूल्यमापन

जुलै 1952 च्या दिल्ली करारात राज्यध्वज हा राष्ट्रध्वजाचा प्रतिस्पर्धी नाही, असे स्पष्ट केले होते. ऑगस्ट 2019 मध्ये राज्याचा विशेष दर्जा संपला आणि त्याबरोबर हा ध्वजही गेला. त्याच वर्षी लडाख वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला.

राज्याला ध्वज असावा की नसावा, एवढ्यावरच ही चर्चा थांबू नये. नांगराने ध्वजावरील आपले स्थान जमीन सुधारणांतून कमावले होते. मात्र पक्षाचे चिन्ह सर्वांचे होण्यासाठी त्या पक्षाने त्यावरचा आपला हक्क सोडावा लागतो. तो सोडला गेला नाही, हीच या ध्वजाची मुख्य उणीव होय.

विचारासाठी प्रश्न : राष्ट्रध्वजावर चरखा कायम राहिला असता, तर काँग्रेसच्या विरोधकांनी त्याकडे कसे पाहिले असते?