छीपाओ : नाव मांचूंचे, वाट कुणाची?

वाँग कार-वाईचा ‘इन द मूड फॉर लव’ (२०००) पाहताना नायिकेच्या उंच गळ्याच्या, अंगाबरोबर बसणाऱ्या झग्यांवरून माझी नजर हलत नव्हती. कथा १९६२च्या हाँगकाँगची. या झग्याचा, म्हणजे छीपाओचा, इतिहास वाचू लागले आणि नावापाशीच अडखळले. ‘छीपाओ’ म्हणजे निशाणवाल्यांचा झगा. मांचूंच्या आठ लष्करी निशाणांवरून आलेले हे नाव. पण मांचू स्त्रियांचा झगा सरळ, ऐसपैस, देहाचा आकार झाकणारा होता. मग नाव त्यांचे आणि घाट असा, हे कसे?

मांचूंनी १६४४ मध्ये बीजिंग घेतले. पुढल्याच वर्षी हान पुरुषांवर डोक्याचा पुढचा भाग भादरून मागे वेणी राखण्याची सक्ती झाली. पोशाखही मांचू धाटणीचा आला. हान स्त्रिया मात्र यातून बव्हंशी सुटल्या. वर अंगरखा, खाली घागरा किंवा विजार असा दुहेरी पोशाख त्या करीत राहिल्या, पाय बांधीत राहिल्या. मांचू स्त्रिया पाय बांधीत नसत. एकसंध झग्याखाली उंच लाकडी टाचेचे जोडे घालीत. पुढे दोन्हीकडून काठ-नक्षीची उसनवारी झाली, तरी एकीचा पोशाख एकसंध आणि दुसरीचा दुहेरी, हा भेद टिकला.

राजवट कोसळल्यावर, १९२०च्या दशकात, शांघायसारख्या शहरांतल्या हान मुलींनी एकसंध झगा उचलला. का? लेखिका चांग आयलिंग १९४३ मधल्या तिच्या निबंधात सांगते की, यात मांचूंचे कौतुक नव्हते. मुलींना पुरुषांसारखे व्हायचे होते. हे मत मला पटते, पण अर्धेच. कारण ज्या पुरुषी झग्याची त्यांना ओढ वाटली, तो तरी कुठून आला होता? छिंग अमलातच हान पुरुषांच्या अंगावर तो रुळला होता. म्हणजे मांचू पोशाख हान स्त्रियांपर्यंत पोचला तो मांचू स्त्रियांकडून नव्हे, तर घरातल्या बाप-भावांच्या खुंटीवरून. सक्तीने आलेला कपडा तीन शतकांनी मुलींनी मोकळीक म्हणून अंगावर घेतला. चांगच्या मांडणीत हा दुवा पुरेसा ठळक होत नाही, असे माझे मत आहे.

ही मोकळीक फार काळ त्यांच्या हाती राहिली नाही. १९२९ मध्ये प्रजासत्ताकाने पोशाखाचे नियम केले. त्यांत स्त्रियांच्या औपचारिक झग्याचा रंग निळा, लांबी गुडघा व घोटा यांच्या मध्यापर्यंत आणि बटणे सहा, असे ठरवून दिले. शांघायच्या शिंप्यांनी आणि गिऱ्हाइकांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. १९३०च्या दशकात झगा अंगालगत येत गेला, त्याची लांबी दर काही वर्षांनी बदलत राहिली.

पुढचा प्रसंग मात्र हसण्यावारी नेता येत नाही. राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओछी यांच्या पत्नी वाँग ग्वांगमेई १९६३च्या इंडोनेशिया दौऱ्यात छीपाओ ल्याल्या होत्या. १९६७ मध्ये रेड गार्ड्सनी तोच पोशाख त्यांच्या अंगावर बळेच चढवला, गळ्यात पिंगपाँगच्या चेंडूंची माळ घातली आणि छिंग्व्हा विद्यापीठात जमावापुढे उभे केले.

छीपाओ मूळचा मांचू की चिनी, हा वाद म्हणूनच मला अपुरा वाटतो. तो कुणी हौसेने घातला आणि कुणावर लादला गेला, हे पाहिल्याशिवाय त्याचा इतिहास पुरा होत नाही.