पालकत्वाची कसोटी : शनिवारवाडा आणि ‘अक्करमाशी’

पुण्याच्या शनिवार पेठेतील शनिवारवाड्याने मराठी भाषेला एक आर्त हाक दिली : ‘काका, मला वाचवा.’ माधवराव पेशव्यांनी मरणापूर्वी धाकट्या भावाला चुलत्याच्या हाती सोपविले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी, जेमतेम अठरा वर्षांचा असताना, नारायणराव त्याच वाड्यात मारला गेला. रामशास्त्र्यांनी दोषी ठरविले ते या चुलत्यालाच. मराठी नाटकांनी आणि कादंबऱ्यांनी या प्रसंगात कारस्थान पाहिले. पण रक्त, कूळ, वाडा, दौलत या पालकत्वाच्या साऱ्या रूढ कसोट्यांना राघोबा उतरत होता, हे कुणाला का टोचले नाही?

याच पुण्यात, वाड्याच्या वैभवापासून दूर, दुसरी परंपरा घडत होती. जोतीराव आईवाचून वाढले ते सगुणाबाई या विधवा नातलग बाईच्या मायेवर. १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले आणि १८७४ मध्ये एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, पदरात घेतला. १८९० साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत रक्ताच्या नातलगांनी यशवंतच्या हक्काला विरोध केला, तेव्हा टिटवे सावित्रीबाईंनी स्वतः हाती धरले. मूल वाढविणे हाच हक्काचा आधार, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले.

या परंपरेचे वाङ्मयीन रूप म्हणून शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) पुन्हा वाचले पाहिजे. आमच्या समीक्षेने या आत्मकथनात बाप शोधला. जारज जन्म, पाटलाची वासना, शाळेच्या दाखल्यावरील नाव यांवर भरपूर लिहिले गेले. ते आवश्यकच होते. पण त्या नादात पुस्तकातील दुसरा प्रश्न दुर्लक्षित राहिला : या पोराला वाढविले कुणी? वाढविले संतामाय या आजीने आणि तिच्याशी लग्नाचे नाते नसलेल्या, मुसलमान असलेल्या दादाने. घर म्हणावे तर एस.टी. स्टँड. शेणातून वेचलेल्या दाण्यांची भाकरी आजी स्वतः खाते. नातवाला ती देत नाही. जात, धर्म, विवाह या तिन्ही चौकटी मोडून उभे राहिलेले हे कुटुंब आहे. लेखकाने त्याला देव्हाऱ्यात बसविलेले नाही. त्यातली उपासमार, दारू, लाचारी सारे उघडे ठेवले आहे. म्हणूनच ही साक्ष विश्वासार्ह वाटते.

ही साक्ष आजच्या कायद्यापुढे ठेवून पाहावी. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संगोपनासाठी कुटुंब निवडताना क्षमता, हेतू आणि मुले सांभाळण्याचा अनुभव पाहावा, असे म्हटले आहे. हे शब्द संतामायला शोभणारे आहेत. पण २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जोडप्याचे वैवाहिक जीवन दोन वर्षे स्थिर हवे. म्हणजे जोडपे म्हणून संतामाय आणि दादा दारातूनच परत! एकट्या व्यक्तीला या तत्त्वांनी वाव दिला, हे स्वागतार्हच. तरीही गृहभेटीला येणारा कार्यकर्ता काय पाहणार? पक्की भिंत की पोराच्या ताटातली भाकरी?

चौकशीच नको, असे मात्र कुणी म्हणू नये. नात्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला की काय होते, हे शनिवारवाड्याने दाखविले आहे. चौकशी हवीच, तिची नजर बदलली पाहिजे. दारिद्र्य हा पालकाचा दोष नव्हे, ती शासनाची थकबाकी आहे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेला आज सावित्रीबाईंचे नाव आहे. २०२३ साली तिचे अनुदान दरमहा २,२५० रुपये झाले. म्हणजे दिवसाला पंचाहत्तर रुपये. आजीने आपली भाकरी तोडून जे दिले, त्याची ही किंमत?

दलित आत्मकथने ही केवळ वेदनेची दप्तरे नाहीत. मूल कसे जगवावे, याचे ज्ञान त्यांत आहे. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात ती त्या ज्ञानासाठी लावली पाहिजेत. उद्या ज्यांना कुणाच्या तरी उंबरठ्यावर उभे राहून ‘योग्य’ की ‘अयोग्य’ असा शेरा मारायचा आहे, त्यांनी आधी संतामायचे घर वाचावे.