घोगऱ्याचा ‘घ’

कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचा दख्खनच्या माशांवरील इंग्रजी निबंध लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने १८३९ मध्ये प्रसिद्ध केला. मुंबई सरकारच्या सांख्यिकी कामासाठी फिरताना त्यांनी हे मासे पाहिले, त्यांतले बरेचसे भीमेच्या खोऱ्यातले. या निबंधाचे आपल्याकडे कौतुक होते, कारण साइक्सने शास्त्रीय नावांत इथलेच शब्द घेतले. ते कौतुक रास्त आहे. ‘रोहटी’ हे तर एका प्रजातीचे नाव झाले.

माझी तक्रार ती नावे आपण वाचतो कशी, याबद्दल आहे.

पैठणला नाथसागराच्या काठी एका वयस्क भोईकाकांना मी ‘गोग्रा’ मासा विचारला. त्यांना कळेना. मिशा, पाठीवरचा काटा असे वर्णन केल्यावर ते हसले. “घोगऱ्या म्हणा की! बाहेर काढला की घोगऱ्या आवाजात कुरकुरतो.” साइक्सच्या लेखनात ‘घ’चा ‘ग’ झाला आणि नावातला आवाजच गेला.

दुसरे उदाहरण ‘नुक्ता’. मराठी लेखांतही हे नाव असेच छापले जाते. पण साइक्स दखनला ‘दुखुन’ लिहितो. म्हणजे त्याचा ‘यू’ हा आपला ‘अ’. तसे वाचले तर नाव निघते नकटा! या माशाच्या नाकाडावर आडवी खोल खाच असते. नाव ठेवणाऱ्याने मासा नीट पाहिला होता. ‘मुल्या’ही याच न्यायाने मल्या किंवा मळ्या होईल, रोमन लिपीत ‘ळ’ नाही, म्हणून तिथे निर्णय काठावरच करावा लागेल.

साइक्सच्या जातिनामांत लंडनचे यॅरेल आणि व्हिगर्स आहेत. जाळे टाकणारा एकही माणूस नाही. तो काळ तसा होता, असे म्हणून पुढे जाता येईल. पण रोमनमधून उलटे लिप्यंतर करून भोयांचेच शब्द मोडून छापणारे आपण आजचे आहोत, आणि आपल्याला मराठी कान आहेत.

जायकवाडी १९७६ मध्ये पुरे झाले. काकांच्या जाळ्यात आता चिलापी, रोहू, कटलाच जास्त. नातवाला घोगऱ्या ठाऊक आहे. नकटा त्याने ऐकलेलाही नाही. मासा जाळ्यात येईनासा झाला की नाव तोंडातून जाते. म्हणून पुढची मराठी मत्स्यसूची ग्रंथालयात बसून नव्हे, काठावर बसून, ‘घ’ आणि ‘ळ’ ऐकत लिहायला हवी. सांगणाऱ्याची परवानगी घेऊन त्याचे नावही सोबत छापायला हवे.