तडजोडीचे पैसे कोणाचे? ‘वॉल्ड्रन’ निकाल वाचताना

अमेरिकेतल्या दिवाळखोरी कायद्यावर संशोधन करायचं ठरवलंत, तर चॅप्टर 13 मधला एक प्रश्न वाटेत येणारच. ऋणकोने अर्ज केला, कोर्टाने 3 ते 5 वर्षांची परतफेड योजना मंजूर केली. हप्ते सुरू असताना त्याला अपघात झाला आणि विमा कंपनीने दावा मिटवून एकरकमी पैसे दिले. हे पैसे त्याचे, की जुन्या धनकोंचे?

अपघात अर्जाच्या आधीचा असेल तर फारसा वाद नाही. कलम 541 नुसार तो दावा इस्टेटमध्ये येतो. गोंधळ आहे तो योजना मंजूर झाल्यानंतरच्या दाव्यांचा. कलम 1306 म्हणतं, केस संपेपर्यंत मिळालेली मालमत्ताही इस्टेटची. कलम 1327(ब) म्हणतं, वेगळं ठरलं नसेल तर मंजुरीबरोबर इस्टेटची सगळी मालमत्ता ऋणकोकडे जाते. दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

‘वॉल्ड्रन’मध्ये (2008) अकराव्या सर्किटच्या अपील कोर्टाने काळाची रेघ ओढली. मंजुरीच्या वेळी जे इस्टेटमध्ये होतं ते ऋणकोकडे जातं. नंतर येणारी नवी मालमत्ता पुन्हा इस्टेटमध्ये भर घालते. म्हणून अपघाताचा विमा-दावा मालमत्तेच्या यादीत दाखवण्याचा आदेश दिवाळखोरी कोर्ट देऊ शकतं. दोन्ही कलमांना अर्थ उरतो, ही या वाचनाची ताकद. टीका करण्याआधी ती मान्य करा.

इथे बरेच विद्यार्थी घसरतात. ‘इस्टेटमध्ये आली’ म्हणजे ‘धनकोंच्या खिशात गेली’ असं नाही. योजनेचे हप्ते वाढवायचे तर ट्रस्टी किंवा विनातारण धनकोला कलम 1329 खाली अर्ज करावा लागतो. शारीरिक इजेच्या भरपाईला कायद्याने मिळणारी सूट राज्याराज्यांत वेगळी असते. मालकी, माहिती उघड करणं आणि वाटप हे तीन प्रश्न आहेत. निकाल पहिल्या दोनांबद्दल बोलतो.

आता माझ्या दोन हरकती.

पहिली: याच कोर्टाने ‘टेल्फेअर’मध्ये (2000) म्हटलं होतं की योजनेसाठी न लागणारं उत्पन्न मंजुरीनंतर ऋणकोच्या ताब्यात जातं. पगारही मंजुरीनंतरच हातात येतो. मग उरलेला पगार बाहेर आणि भरपाई आत, हे कशाच्या जोरावर? कलम 1306 मध्ये नवी मालमत्ता आणि कमाई दोन्ही शेजारी-शेजारी आहेत. वॉल्ड्रनने दोघांत फरक केला, पण तो कलमाच्या शब्दांतून निघत नाही. शिवाय भरपाईत बुडालेला पगारही असतो, त्याचं काय?

दुसरी हरकत जास्त गंभीर वाटते. हाच ऋणको चॅप्टर 7 मध्ये गेला, तर कलम 348(फ) नुसार इस्टेट मोजली जाते मूळ अर्जाच्या तारखेपासून. अप्रामाणिक हेतू नसेल तर नंतरच्या अपघाताची भरपाई त्याच्याकडेच राहते. बाहेर पडण्याची किंमत असतेच, उदाहरणार्थ घर वाचवायची संधी जाऊ शकते. तरीही नेटाने हप्ते भरत राहणाऱ्याची भरपाई धोक्यात आणि सोडून जाणाऱ्याची सुरक्षित, हा उलटा न्याय झाला. निकाल या विसंगतीला उत्तर देत नाही.

हा वाद कागदी नाही. दावा लपवला असं ठरलं, तर प्रतिवादी ज्युडिशियल इस्टॉपेलचा मुद्दा काढतो: ‘एका कोर्टात दावा नाही म्हणालात, आता दुसऱ्यात मागता कसे?’ मग कधी कधी इजा करणाराच सुटतो आणि धनकोंनाही काही मिळत नाही. ‘स्लेटर’मध्ये (2017) याच कोर्टाच्या पूर्ण पीठाने सांगितलं की हेतू ठरवताना सगळी परिस्थिती बघा, नुसतं दाखवलं नाही एवढ्यावर फसवणूक गृहीत धरू नका.

तेव्हा टिपण काढताना ‘पैसे कोणाचे’ यावर थांबू नका. कधी मिळाले, कोणी मागितले, कोणत्या कलमाखाली आणि सूट किती, हे चार रकाने करा. मग एकमेकांविरुद्ध वाटणारे काही निकाल वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते हे दिसेल, आणि खरा मतभेद कुठे आहे तेही.