भिंतीवरून चौकटीत

रस्त्यावरचे चित्र कलादालनात टांगले गेले की त्याचा उद्धार झाला, असे मानण्याचा प्रघात आहे. तो तपासून घेणे अवश्य आहे. न्यूयॉर्कच्या भुयारी स्थानकांतील जाहिरातींच्या रिकाम्या काळ्या फलकांवर कीथ हेरिंग १९८० पासून खडूने रेखाटने करीत असे. पोलीस येण्याच्या आत ती पुरी करावयाची; त्याची ती कोठेही न अडखळणारी रेषा या घाईचेच अपत्य होय. १९८२ मध्ये त्याचे प्रदर्शन भरले तेव्हा रेषा तीच होती. घाईचे कारण मात्र उरले नव्हते.

मराठी मुलखातील वारली चित्रांचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. डहाणूकडील वारल्यांत लग्नाचा चौक सुवासिनी ‘लिहितात’. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचे पीठ, बांबूची काडी, आणि मध्यभागी पालघट देवी. या चौकावाचून लग्न लागत नाही. लग्न लागले की चित्राचे काम सरते. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी या भागात आले, गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्या हाती कागद आला, आणि १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड दालनात त्यांची चित्रे मांडली गेली. पुढे १९८९ मध्ये ती पॅरिसला पोचली. २०११ मध्ये म्हसे यांना पद्मश्री मिळाली.

या स्थलांतराला केवळ ऱ्हास म्हणणे अन्यायाचे होईल. विधीचे बंधन सुटल्यामुळेच म्हसे यांना कोळ्याचे जाळे हा सबंध चित्राचा विषय करता आला. असंख्य बारीक रेघांनी विणलेल्या त्या जाळ्यातील लय चौकाच्या भिंतीवर संभवतीच ना. परंतु चौक लिहिणाऱ्या सुवासिनींपैकी किती जणींची नावे रसिकांना ठाऊक आहेत? कागदाला सही लागते, भिंतीला ती लागत नव्हती. आणि सही आली ती पुरुषाची. जात्यावरची ओवी ग्रंथात आली तेव्हा गाणारणीचेही असेच झाले. निदान तेथे संग्राहकाने स्वतःला कवी म्हणवून घेतले नाही, एवढाच फरक.

काही चित्रे मात्र दालनात नेताच येत नाहीत. २०१५ मध्ये बेंगळूरच्या सुलतानपाळ्यात बादल नंजुंडस्वामी यांनी रस्त्यातील पाणी भरलेल्या खड्ड्यात एक मगर ठेवली. ही मगर दालनात मांडली असती तर ती निव्वळ खेळण्यातली ठरली असती. तिचा अर्थ तो खड्डा होता. थोड्याच दिवसांत खड्डा बुजविण्यात आला, आणि त्याबरोबर कलाकृतीही संपली.