हुबेहूब झाल्यावर पुढे काय?

चित्र फोटोवरून काढलंय, हे सांगायला आपल्याकडचे चित्रकार अजून कचरतात. फोटोवरच रंग चढवणाऱ्याला तर कुणी चित्रकार म्हणत नाही. लोकांसमोर झटपट फोटो काढून तिथेच तो रंगवायचा, या प्रकाराला त्यामुळे ना प्रदर्शनात जागा, ना प्रात्यक्षिकात. त्याचे सुटे भाग मात्र आपल्याच भागात पडून आहेत.

आपल्या बीड जिल्ह्यातल्या गेवराईहून गोदाकाठानं वर गेलं की पैठण. पैठण शैलीतली चित्रकथी चित्रं भिंतीवर टांगण्यासाठी नव्हती. एकेक चित्र लोकांसमोर धरून आख्यान लागायचं. सिंधुदुर्गात पिंगुळीला ही परंपरा टिकली, तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पुढे फोटो आला. गेवराई निजामी राज्यात होती, त्याच राज्याचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ. त्या काळात देशभरच्या स्टुडिओंत कृष्णधवल फोटो हातानं रंगवले जात. कापसाच्या बोळ्यानं गालावर गुलाबी छटा, बारीक ब्रशनं काठाला पिवळा रंग. पण हे काम आतल्या खोलीत चाले, गिऱ्हाइकाच्या हाती थेट फ्रेम येई. चारचौघांत काम करायचा तो मिनिट कॅमेरेवाला. पेटीतच कागदी निगेटिव्ह धुवायचा, भिंगासमोर लावून तिचाच पुन्हा फोटो घ्यायचा आणि ओला फोटो हातावर ठेवायचा.

अमेरिकेत एडविन लँडचा पोलरॉइड हा झटपट फोटोचा कॅमेरा १९४८ साली बाजारात आला. १९७२ च्या एसएक्स-७० मॉडेलच्या फोटोतला रंगाचा थर बराच वेळ मऊ राहायचा. लुकास समारास या कलावंतानं टोकदार वस्तूनं तो थर ढकलून स्वतःचा चेहरा वितळवला, विस्कटला. चित्रकार अँडी वॉरहॉलनं पोलरॉइडवरून रंगीत व्यक्तिचित्रं छापली. प्रेक्षकाला मात्र दोघांनीही तयार कामच दाखवलं.

प्रेक्षकांसमोर काम करण्याची सवय आपल्याला आहे. वासुदेव कामत यांच्यासारखा सिद्धहस्त चित्रकार समोरच्या माणसाचं व्यक्तिचित्र घडवतो तेव्हा रंग कुठे दाबला, कुठे सोडला हे विद्यार्थ्याला पुस्तकापेक्षा चांगलं कळतं. तरी सभागृहात टाळी पडते ती चेहरा 'डिट्टो' जमल्यावरच. टीव्हीवरच्या स्पर्धांनी ही टाळी आणखी स्वस्त केली: कॅनव्हास उलटा रंगवायचा, शेवटी सुलटा करायचा की महाराज प्रकटतात. टाळीच्या या सवयीला छेद दिला पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांनी. १९९२ साली कलकत्त्यात त्यांनी लोकांदेखत देवींची चित्रं रंगवली आणि शेवटी त्यांवर पांढरा रंग फिरवला. कसबाला दाद देऊन घरी जाण्याची सोय त्यांनी प्रेक्षकाला ठेवली नाही.

आज तालुक्याच्या गावी फोटो, रंग आणि प्रेक्षक एकत्र भेटतात ते फ्लेक्सच्या दुकानात. ऑपरेटरच्या खुर्चीमागे चार पोरं उभी. "भाऊंचा चेहरा जरा उजळ कर." "मागं वाघ टाक." "गॉगल राहू दे." ऑपरेटर माऊस फिरवतो, भाऊ गोरे होतात. पूर्वी पाट्या रंगवणाऱ्या पेंटरची रोजी याच दुकानानं खाल्ली. कला म्हणून इथं उणीव आहे ती नकाराची. गिऱ्हाईक सांगेल ते होतं.

झटपट फोटो आणि रंग यांच्या जोडीचं खरं मोल ही उणीव भरण्यातच आहे. साम्य दाखवायचं काम कॅमेरा मिनिटा-दोन मिनिटांत उरकतो, त्यामुळे त्यावर टाळी मिळवता येत नाही. सामग्रीही आडमुठी: इन्स्टॅक्स या झटपट कॅमेऱ्याच्या फोटोच्या गुळगुळीत प्लास्टिकवर जलरंग ठरत नाही, ॲक्रिलिक किंवा पेंट मार्कर घ्यावा लागतो, पोलरॉइड गरम पाण्यात भिजवून प्रतिमेचा पापुद्रा कागदावर उतरवायचा तर तो सुरकुततो, फाटतो. शिवाय ज्याचा चेहरा आहे तो समोरच बसलेला. त्याचा अर्धा चेहरा झाकायचा असेल तर त्याच्या नजरेला नजर देऊन झाकावा लागतो.

कला महाविद्यालयांनी प्रात्यक्षिकाचा एक तास असाही ठेवावा. फोटो आधीच हुबेहूब आलेला असेल. पुढे काय करायचं आणि ते का, एवढंच विद्यार्थ्याला विचारावं.